गळ्यातलं काढून ठेवा

“गळ्यातलं, हातातलं, केसांतलं, सैल असेल ते सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा,” माईकवरची बाई म्हणाली, आणि इंदुबाईचा उजवा हात मानेमागे गेला. डोक्यानं त्याला सांगितलं नव्हतं. तो आपला आपणच गेला, अंबाड्याखाली दोन बोटं सरकवली, मंगळसूत्राचा हूक असायचा तिथं अंगठ्याचं नख टेकवलं, आणि थांबला. तिथं घाम होता. एक जुनी चामखीळ होती. बाकी काही नव्हतं. बोटांना ते पटेना. ती एकदा डावीकडं जाऊन आली, एकदा उजवीकडं. हूक कधीकधी घसरून खांद्यावर जातो म्हणून तिथंही चाचपून झालं. मग कुठं इंदुबाईच्या ध्यानात आलं की आपण मे महिन्याच्या भर उन्हात, एवढ्या लोकांच्या रांगेत, मानेमागे हात घालून उभ्या आहोत, आणि जे शोधतोय ते नवरा गेला त्याच दिवशी, सात महिन्यांपूर्वी, काढून झालेलं आहे. तिनं पदरानं मान पुसली. घाम पुसायलाच हात नेला होता असं दाखवलं. नात सृष्टी समोरच्या झुलत्या जहाजाकडं तोंड उघडं टाकून बघत होती आणि सून शेफाली गळ्यातलं काढण्यात गुंतली होती, त्यामुळं त्या दोघींना काही कळलं नाही. पण मुलानं पाहिलं. अभिनव रांगेत तिच्या मागेच होता. सात महिने एका घरात राहून ज्यानं आईकडं सरळ बघितलं नव्हतं, तो नेमका आत्ता बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते इंदुबाईला काही केल्या कळेना.

या राइड्सच्या पार्कात यायचं तिच्या मनातच नव्हतं. सृष्टीचा नववा वाढदिवस, शाळेला सुट्टी, म्हणून शेफालीनं आठवडाभर आधीच मोबाइलवर चार तिकिटं काढून ठेवली होती, आणि तीही एकत्रित. एका तिकिटात बारा राइड्स. सुटं तिकीट काढलं की माणूस आवडेल तेवढं करतो आणि घरी जातो. एकत्रित काढलं की न आवडणारंही करावं लागतं, नाहीतर ते फुकट जातं, आणि फुकट जाणं ही गोष्ट पुण्यात मरणापेक्षा वाईट समजतात. दारातच मनगटाला केशरी कागदी पट्टा चिकटवला, जो म्हणे कात्रीशिवाय निघत नाही, आणि हातात एक कार्ड दिलं. कार्डावर बारा चौकोन. राइडवर बसलं की एका चौकोनाला भोक पडणार. दुपारी एकपर्यंत सृष्टीच्या कार्डाची चाळण झाली होती आणि इंदुबाई सात वेगवेगळ्या बाकांवर पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसून झाली होती. “आजी, तुझं कार्ड अजून कोरं आहे,” सृष्टी म्हणाली. वर्गात कुणी डबा आणला नसेल तर त्या मुलीशी बोलावं तसा तिचा आवाज होता. “एक तरी. प्लीज. जहाज एकदम सेफ आहे.” शेफालीही म्हणाली, “आई, बसा ना. इन्क्लुडेड आहे सगळं.” इंदुबाईनं मनातल्या मनात नणंदेचं तोंड पाहिलं. फुरसुंगीच्या तुळजाबाईला हे कळलं तर ती काय म्हणेल, कोणाकोणाला फोन करून म्हणेल, तेही ऐकलं. वर्ष व्हायच्या आत बाई पाळण्यात बसली. आणि तरी ती रांगेत उभी राहिली, कारण नातीला वाईट वाटलं होतं आणि कारण आज नाहीतर पुन्हा कधी, हा प्रश्न गेल्या चार दिवसांपासून तिच्या पोटात होता.

सकाळी मोठ्या फाटकापाशीही एक गंमत झाली होती. तिथं बायकांसाठी पडदा लावलेली झडतीची खोली होती. आत खाकीतली एक पोरसवदा बाई हातात यंत्र घेऊन कंटाळलेली बसली होती. पुढच्या बायका पर्स उघडून दाखवत होत्या आणि पुढं सरकत होत्या. इंदुबाई आत गेली, चपला काढून भिंतीशी लावल्या, दोन्ही हात आडवे पसरले, गर्रकन पाठ केली, पुन्हा तोंड केलं, ओचा झटकून दाखवला, आणि अंबाड्यातले चार आकडे उपसून त्या बाईच्या पुढ्यात ठेवले. ती बाई बघतच राहिली. “आजी, आकडे राहू द्या. तंबाखू-लायटर तेवढं नाही ना?” इंदुबाई खजील झाली. सुटलेला अंबाडा हातात धरून बाहेर आली तेव्हा सृष्टी खो-खो हसत होती. शेफालीनं, “अहो आई, हे काय एअरपोर्ट आहे का,” म्हणून तिचे केस पुन्हा बांधून दिले. अभिनव पुढं निघून गेला होता. त्याला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. आई जे काही करते त्याचा आपल्याशी संबंध नाही, असं त्याच्या चालण्यात होतं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात इंदुबाईनं एकतीस वर्षं काढली. भरणी खात्यात, तोलायच्या कामावर. समोर छोटा तराजू, लाकडी चमचा, आणि चिमटीचिमटीनं मोजायची ती करडी पूड. साडेसातच्या भोंग्याच्या आधी बायकांच्या झडतीच्या खोलीत सगळं उतरवायचं. आकडे, पिना, जोडवी, बांगड्या, किल्ल्या, सुटी नाणी, आणि गळ्यातलं. लोखंडाचा कण आत जायचा नाही, सोनंही जायचं नाही. एक ठिणगी सोनं आणि लोखंड बघत नाही. प्रत्येकीची एक कापडी पिशवी, तिच्यावर दोऱ्यानं शिवलेला नंबर, आणि पिशव्या ठेवायला भिंतीतलं कपाट. नवीन लागली त्या आठवड्यात इंदुबाईचा हात गळ्याशी जायला धजेना. लग्नाला तीन वर्षं झालेली, अभिनव पोटात. आईनं सांगितलेलं, काही झालं तरी गळा मोकळा ठेवायचा नाही. तेव्हा शेजारची सरुबाई, तिच्याहून दहा वर्षांनी जुनी, म्हणाली होती, “काढ गं. आणि नुसतं गळ्यातलं नको काढूस. नवरा, पोर, सासू, रात्रीचं भांडण, सगळं या पिशवीत घाल. आत काही न्यायचं नाही. डोक्यात काही असलं की हाताला कळतं.” ते इंदुबाईनं अक्षरशः मानलं. वर्षभरात तिला एका हातानं, न बघता, चालता चालता हूक काढता यायला लागला. आणि हूक निघाला की आतलं सगळं आपोआप थंड व्हायचं. आत पळायचं नाही, ओरडायचं नाही, हसून लोळायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. तिचे हात खात्यात सगळ्यांत स्थिर समजले जायचे. साहेब नव्या बायकांना तिच्यापाशी आणून उभे करायचे आणि म्हणायचे, या बाईंचे हात बघा.

हातांचं कौतुक झालं, पण हात घरीही तसेच राहिले. त्याचा हिशेब तिनं कधी मांडला नव्हता. सुखदेव, तिचा नवरा, लेथवर काम करायचा. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा अभिनव दोन वर्षांचा होता. तिची नोकरी पक्की, क्वार्टर तिच्या नावावर, तेव्हा सुखदेवनं घर घेतलं हातात. पोराला न्हाऊ घालणं, डबा, अभ्यास, तापात जागणं, सगळं त्यानं केलं, आणि मिशीला पीळ देत केलं. कोणी चिडवलं तर म्हणायचा, आमच्याकडं साहेब त्या आहेत. अभिनव सातवीपर्यंत बापाच्या कुशीत झोपला. तो सायकलवरून पडला आणि हनुवटी फाटली, तेव्हा सुखदेव रक्त बघून रडायलाच लागला. इंदुबाई कामावरून येत होती, तिनं रस्त्यातच पोराला उचललं, हनुवटी चिमटीत दाबून धरली आणि दवाखान्यापर्यंत चालत नेलं. टाके पडेपर्यंत हात हलला नाही. तोंडातून अगं बाई निघालं नाही. बोटांखाली पोराचे दात लागत होते, ते थडथडत होते, आणि आपण हात काढला तर हे पोर आपल्या हातातून सांडून जाईल असं तिला वाटत होतं. पण हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पोराला मात्र आठवत राहिलं ते बाबांचं रडणं. पुढं कॉलेजात असताना मित्रांसमोर तो एकदा हसत हसत म्हणालाही होता, आमची आई म्हणजे डिफेन्स. मित्र हसले. इंदुबाईही हसली होती, चहाचा ट्रे हातात धरून.

निवृत्त झाली तसं क्वार्टर सोडावं लागलं आणि ती दोघं अभिनवच्या हडपसरच्या फ्लॅटमध्ये आली. वर्ष पुरं व्हायच्या आत, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, चहाचा कप खाली ठेवताना सुखदेवचा हात तसाच राहिला. डॉक्टर येऊन गेले. बारापर्यंत फुरसुंगीची माणसं आली, आणि त्यांच्यात तुळजाबाई. सुखदेवची थोरली बहीण, स्वतः वीस वर्षांपासून विधवा. त्यांच्यात अशा वेळी गळ्यातलं काढायचं काम विधवा बाईनं करायचं. तुळजाबाई रडत रडत पुढं आली, तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि तेवढ्यात इंदुबाईचा हात मानेमागे गेला. एका हातानं, न बघता. हूक निघाला. मंगळसूत्र तिनं तळहातावर गोळा केलं आणि नणंदेच्या हातात ठेवलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मग तुळजाबाई म्हणाली, “बाई गं बाई, वाटच बघत बसली व्हती जणू.” ती हळू बोलली, पण तुळजाबाईचं हळू बोलणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. अभिनव दारात उभा होता, बापाचा चष्मा हातात घेऊन. त्यानं आईकडं पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही. त्या दिवसापासून घरात बोलणं असं चालायचं: “शेफाली, आईला विचार जेवणार का.” आई दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. “शेफाली, आईला सांग औषध संपलंय.” शेफाली बिचारी भिंतीवरच्या स्पीकरसारखी मधे उभी राहायची आणि प्रत्येक वाक्याला जरा साखर लावून पुढं द्यायची. इंदुबाईला वाटायचं, आपण खरंच वाट बघत होतो का? लोक इतक्या खात्रीनं म्हणतात तर असेल. स्वतःच्या मनात शिरून बघायला जावं तर तिथं झाडून काढलेली स्वच्छ खोली दिसायची आणि तिला भीती वाटायची.

आणि चार दिवसांपूर्वी तिनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. हडपसरच्या नव्या इमारतींच्या भिंती म्हणजे नुसता आडोसा. अभिनव फोनवर मित्राशी बोलत होता. कंपनी त्याला बंगळूरला पाठवत होती, जूनमध्ये, निदान तीन वर्षं. फ्लॅट भाड्यानं द्यायचा. “आईचं बघतोय,” तो म्हणाला, “फुरसुंगीला आत्याकडं राहील. ती राहील कुठंही. तिला कुणाचं काही लागत नाही.” त्याच्या बोलण्यात राग असता तर इंदुबाईला बरं वाटलं असतं. राग नव्हता. घराला रंग कुठला द्यायचा ते सांगावं तसं तो सांगत होता. तेव्हापासून तिला माहीत होतं की ही सहल, हा वाढदिवस, हे बारा राइड्सचं तिकीट, याच्या शेवटी कोणीतरी आइस्क्रीम हातात देईल आणि मग सांगेल. फुरसुंगी काही लांब नव्हतं, हडपसरच्या पुढंच. खायला-प्यायला तुळजाबाई कमी करणारी नव्हती. पण तिथल्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य सांगितलं जाणार होतं, आणि मरेपर्यंत आपण त्या वाक्यात राहायचं, या विचारानं इंदुबाई चार रात्री झोपली नव्हती. नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणायचं कसं, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं आयुष्यात कुणाला काही मागितलं नव्हतं.

जहाजात दोन्ही टोकांना बाकं होती, एकमेकांकडं तोंड करून. सृष्टीनं आजीचा हात धरून तिला मागच्या टोकाच्या दुसऱ्या रांगेत बसवलं. अभिनव आणि शेफाली समोरच्या टोकाला बसले. मांडीवर लोखंडी बार खाली आला. राइडवरच्या माणसानं तो दोनदा ओढून बघितला. इंदुबाईला बरं वाटलं. दोनदा ओढून बघणारी माणसं तिला आवडायची. मग जहाज हललं, आधी झोपाळ्यासारखं, ओळखीचं, मग जास्त, मग इतकं की पाठीमागचं आभाळ डोक्यावर आलं. वर गेलं की पोटातलं सगळं वर राहायचं आणि अंग खाली यायचं. सगळे ओरडत होते. मोठमोठे बाप्ये आईचं नाव घेऊन ओरडत होते. सृष्टी ओरडत होती आणि मधेच श्वास घेऊन सांगत होती, “आजी, ओरड ना! ओरडलं की भीती वाटत नाही!” इंदुबाईनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, नातीसाठी. घशापर्यंत काहीतरी आलं आणि कोणी हात आडवा करावा तसं तिथंच थांबलं. समोर अभिनव होता. ती वर गेली की तो खोल खाली दिसायचा, लहान, डोक्यावर टक्कल पडायला लागलेला. तो वर गेला की ती खाली असायची आणि तो वरून तिच्याकडं बघायचा. शेफालीनं डोळे मिटून त्याचा दंड धरला होता. तो ओरडत नव्हता. दोन टोकांना न ओरडणारी दोनच माणसं होती आणि ती एकमेकांकडं बघत होती. हा माझाच आहे, इंदुबाईला वाटलं. सगळे म्हणतात बापावर गेलाय, पण घशात आडवा हात याच्याही आहे. आणि या विचारानं तिला त्याची इतकी दया आली की तिनं बारवरची पकड घट्ट केली.

जहाज थांबलं तेव्हा सृष्टीचा चेहरा पांढरा पडला होता. जिना उतरतानाच तिनं तोंडावर हात दाबला. “आई, माझं तेवढं ट्रेमधलं घ्या हो,” असं ओरडून शेफाली तिला घेऊन नळाकडं धावली. इंदुबाईनं निळ्या ट्रेमधून सुनेचं बारीक मण्यांचं मंगळसूत्र आणि घड्याळ उचललं. सिमेंटच्या छत्रीखाली एक बाक रिकामा होता, तिथं जाऊन बसली. अभिनवला कुठं जायचं ते कळेना. नळापाशी बायकांची गर्दी होती. तो छत्रीच्या खांबाला टेकून उभा राहिला, मोबाइल काढला, पाहिला, ठेवला. मधे शेफाली नव्हती. दोघांपैकी एकानं तरी बोलायला हवं होतं, किंवा दोघांनीही गप्प राहायला.

“मघाशी रांगेत,” अभिनव खांबाकडं बघत म्हणाला, “हात मागं कशाला नेलास?”

घाम, असं म्हणता आलं असतं. तोंडात शब्द तयारही होता. “सवय,” इंदुबाई म्हणाली.

“कसली सवय?”

“काढायची. कारखान्यात रोज काढायला लागायचं ना.”

“मंगळसूत्र?”

“सगळंच. आत जाताना झडती असते. मघाशी ती माईकवरची बाई म्हणाली गळ्यातलं काढा, हात गेला.”

अभिनव वळला. “मला कधी दिसलं नाही.”

“तुला कसं दिसेल? घरातून घालून निघायचे, घरी घालून यायचे.”

तो बाकावर बसला. अगदी कडेला, एक माणूस मधे मावेल इतक्या अंतरावर. “बाबांना माहीत होतं?”

इंदुबाईला हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही भलत्याच वेळी. “त्यांना माहीत नसेल? सगळ्या गल्लीला सांगायचे. म्हणायचे, सकाळी साडेसातला मी मरतो, दुपारी साडेचारला जिवंत होतो. आणि मधल्या वेळात पोराचा डबा, भाजी, धुणं. मेलेल्या माणसाला इतकं काम कोण लावतं हो, म्हणायचे. मी चिडायचे. असलं अभद्र बोलू नका म्हणायचे. तर म्हणायचे, अहो बाई, घाबरताय कशाला, तुमचा भोंगा झाला की उठतोच आहे मी.”

अभिनव नाकातून हसला. सुखदेव तसाच हसायचा. मग ते हसणं अर्ध्यात थांबलं. नळाकडून सृष्टीच्या रडण्याचा आणि शेफालीच्या समजावण्याचा आवाज येत होता.

“मला काढण्याचं एवढं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “आत्या काहीही बोलते. मला ते नंतरचं वाटलं.”

“नंतरचं कुठलं?”

“आम्ही बाबांना पोचवून आलो. सगळे हॉलमध्ये बसलेले. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तू एकदम उठलीस, दारापाशी गेलीस, आणि आमच्याकडं पाठ करून उभी राहिलीस. बाहेर जिना, तिथं काय बघत होतीस कुणास ठाऊक. दहा मिनिटं तरी. कोणी काही बोललं नाही. मी तुला हाक मारली, तू वळली नाहीस. मला वाटलं, हिला आमचं रडणंसुद्धा नको झालंय.”

इंदुबाईला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्या दिवसाचं दुपारनंतरचं तिच्यापाशी काहीच नव्हतं. ती आठवायला लागली. हॉल. चटई. दार उघडं. भिंतीवरचं घड्याळ. “किती वाजले होते?” तिनं विचारलं.

“काय माहीत. आम्ही चारला आलो. साडेचार वाजले असतील.”

इंदुबाईनं हातातलं सुनेचं मंगळसूत्र मांडीवर ठेवलं. ते हातात राहिना, कारण हात हलत होता. तिनं त्या हाताकडं दुसऱ्याच कुणाचा असावा तसं पाहिलं.

“काढायला एक हात पुरतो,” ती सावकाश म्हणाली. बोलता बोलता तिला स्वतःलाच कळत होतं, आणि प्रत्येक शब्दाला ती थांबत होती. “घालायला नाही पुरत. हूक बारीक, मागं दिसत नाही, आणि बाहेर पडायची घाई. तर आम्ही एकमेकींना घालायचो. भोंगा झाला की पिशवी घ्यायची, सरुबाईच्या हातात द्यायची आणि दाराकडं तोंड, तिच्याकडं पाठ करून उभं राहायचं. ती लावायची. ती निवृत्त झाल्यावर दुसरी कोणीतरी. एकतीस वर्षं.” ती थांबली. “त्या दिवशी साडेचार वाजले असतील रे. मी उठून पाठ करून उभी राहिले असेन. आता कोणीतरी घालेल म्हणून.”

अभिनवनं तिच्याकडं सरळ पाहिलं.

“कोणी आलं नाही,” इंदुबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मोठं नाही, गळा काढून नाही, पण थांबेना. पदर तोंडाला लावून ती रडली, आणि रडतानाच, आता नाही तर कधीच नाही हे कळून, तिनं आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. “तुम्ही जूनमध्ये जाणार ते मला माहीत आहे. मी ऐकलंय. मला फुरसुंगीला नको ठेवूस, अभि. मला लागतं रे माणूस. तुला वाटतं तसं नाहीये. मला तुम्ही सगळे लागता.”

तो सरकून जवळ आला. काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. घशात आडवा हात त्याच्याही होता. शेवटी त्यानं तिच्या मांडीवरून घरंगळणारं मंगळसूत्र उचलून घड्याळाबरोबर स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि आईचा हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. समोरून शेफाली सृष्टीचं तोंड ओढणीनं पुसत येताना दिसत होती. ती पोचायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं.

“बंगळूरला संध्याकाळी गार असतं म्हणतात,” अभिनव म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “तुझ्याकडं स्वेटर तरी आहे का?”

“तुझ्या बाबांचा आहे,” इंदुबाई म्हणाली. “मीच घालते.”